एडिटरमध्ये लिहिलं, ब्राउझरला कसं कळलं?

वेबपान तयार करायला शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीलाच विचारतो, "मी मथळ्याचा रंग बदलला, फाइल सेव्हही केली, मग ब्राउझरमध्ये जुनाच रंग का दिसतोय?" त्याला सांगतात, "रिफ्रेश कर." तो रिफ्रेश करतो, रंग बदलतो आणि प्रश्न मिटतो. पुढे कधीतरी तो एखाद्या सरावलेल्या माणसाशेजारी बसतो. तो माणूस डाव्या खिडकीत टाइप करत असतो आणि उजव्या खिडकीतलं पान त्याच्या मागोमाग बदलत जातं. रिफ्रेशला कोणी हातही लावत नाही. मग दुसरा प्रश्न पडतो, आणि तो पहिल्यापेक्षा खूप खोल जाणारा आहे. ब्राउझरला कळलं कसं?

या प्रकरणात त्याच प्रश्नाचा माग काढायचा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. एडिटर आणि ब्राउझर जोडणं फारसं अवघड नाही. चालू असलेल्या पानाला धक्का न लावता त्यात नवा कोड बसवणं अवघड आहे, आणि खरी मजाही तिथेच आहे.

१. एकाच मजकुराच्या तीन प्रती

एडिटर हा अक्षरं लिहिण्याचा प्रोग्राम. आपण टाइप करतो ते आधी त्याच्या स्वतःच्या स्मृतीत राहतं. सेव्ह केलं की त्याची प्रत डिस्कवर जाते. ब्राउझर हा वेगळाच प्रोग्राम. पान उघडताना तो मजकूर एकदा वाचतो, त्यातून मथळे, परिच्छेद, चित्रं यांची एक रचना आपल्या स्मृतीत उभी करतो आणि ती पडद्यावर रंगवतो. त्यानंतर मूळ फाइलकडे तो ढुंकूनही बघत नाही.

म्हणजे एकाच मजकुराच्या तीन प्रती झाल्या: एडिटरच्या स्मृतीतली, डिस्कवरची आणि ब्राउझरच्या स्मृतीतली. मथळा लाल होता, तुम्ही तो निळा केला. या क्षणी पहिली प्रत निळी आहे, उरलेल्या दोन्ही लाल. सेव्ह केल्यावर दुसरी निळी होते. रिफ्रेश केल्यावर तिसरी. नवशिक्याला पडलेलं कोडं एवढंच असतं की त्याने पहिली पायरी केलेली असते आणि दुसरी राहिलेली असते.

ब्राउझर असा का वागतो? कारण तो मुळात दूरच्या यंत्रावरची पानं वाचायला बनलेला आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात सर्न या संशोधन संस्थेत वेबची आखणी केली, तेव्हा वाचणारा एका देशात आणि मजकूर दुसऱ्या देशात अशीच कल्पना होती. पत्ता द्यायचा, मजकूर मागायचा, मिळाला की विषय संपला. पलीकडे ती फाइल कोणत्या डिस्कवर आहे, कोण तिच्यात बदल करतंय, हे ब्राउझरला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

२. मध्ये बसवलेला छोटा सर्व्हर

एकमेकांना न ओळखणाऱ्या या दोन प्रोग्रामांत तिसरा एक प्रोग्राम बसवावा लागतो. तो म्हणजे तुमच्याच संगणकावर चालणारा एक छोटा सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की थंड खोलीतली मोठी यंत्रं डोळ्यांसमोर येतात, पण मागितलेला मजकूर देतो तो कोणताही प्रोग्राम सर्व्हरच. त्याचा पत्ता असतो १२७.०.०.१. हा पत्ता जगातल्या प्रत्येक संगणकावर "मी स्वतः" या अर्थाने राखून ठेवलेला आहे. त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी ही सगळी जोडणी चालते.

पत्त्यापुढे एक क्रमांक लागतो, त्याला पोर्ट म्हणतात. एकाच संगणकावर अनेक सर्व्हर चालू शकतात, म्हणून कोणाशी बोलायचं ते या क्रमांकावरून ठरतं. व्हीएस कोड या एडिटरसाठीचं लाइव्ह सर्व्हर हे लोकप्रिय विस्तारक बहुधा ५५०० क्रमांकावर बसतं, वीट नावाचं साधन ५१७३ वर. लाइव्हरीलोड या जुन्या साधनाचा क्रमांक होता ३५७२९. ६५५३५ पर्यंतचा रिकामा असलेला कोणताही क्रमांक घेता येतो.

आता या सर्व्हरला तरी फाइल बदलल्याचं कसं कळतं? पूर्वीची पद्धत अशी होती की दर थोड्या वेळाने प्रत्येक फाइलची शेवटच्या बदलाची वेळ तपासायची. दहा फाइली असतील तर ठीक, दहा हजार असतील तर संगणक त्यातच दमतो. आज हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. लिनक्समध्ये २००५ साली आयनोटिफाय नावाची सोय आली. मॅक आणि विंडोजमध्येही तशीच सोय आहे. सर्व्हर एकदा सांगून ठेवतो की या फोल्डरमध्ये काही हललं तर मला कळव, आणि मग त्याला शोधत बसावं लागत नाही.

इथे एक बारीकशी अडचण असते, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना ती नेहमी भेटते. बरेच एडिटर मूळ फाइलवर थेट लिहीत नाहीत. ते शेजारी तात्पुरती फाइल लिहितात आणि मग तिला मूळ नाव देतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते. तुमच्या दृष्टीने एकच सेव्ह झालेलं असतं, पण ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतं की नवी फाइल आली, जुनी गेली, नाव बदललं. एका सेव्हवर पान तीनदा उघडू नये म्हणून सर्व्हर पहिली खबर मिळाल्यावर क्षणभर थांबतो, गडबड शांत झाली की एकदाच पुढे कळवतो.

३. हाक कोणी मारायची?

फाइल बदलली हे सर्व्हरला समजलं. त्याने ब्राउझरला सांगायचं. इथेच वेबचा मूळ नियम आडवा येतो. ब्राउझर विचारतो आणि सर्व्हर उत्तर देतो, पण सर्व्हर आपणहून ब्राउझरला हाक मारू शकत नाही. ज्याने विचारलंच नाही त्याला उत्तर पाठवायची सोयच मुळात ठेवलेली नव्हती.

रेशनच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. दुकानात साखर आली की दुकानदार घरोघरी सांगत फिरत नाही. आपल्यालाच जाऊन विचारावं लागतं. मग तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग म्हणजे दर तासाला जाऊन विचारायचं, "साखर आली का?" बहुतेक वेळा उत्तर "नाही." वेबमध्ये याला पोलिंग म्हणतात. पान दर सेकंदाला सर्व्हरला विचारत राहतं. तासाला ३६०० प्रश्न, त्यातले ३५९० तरी वाया. शिवाय बदल झाल्यापासून तो कळेपर्यंत सरासरी अर्धा सेकंद जातोच.

दुसरा मार्ग चतुराईचा. दुकानात जायचं, विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच बाकावर बसून राहायचं. साखर आली की दुकानदार लगेच देतो. ती घेऊन आपण पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. याला लाँग पोलिंग म्हणतात. पान प्रश्न विचारतं आणि सर्व्हर उत्तर रोखून धरतो. फाइल बदलली की उत्तर देतो. उत्तर मिळताच पान पुढचा प्रश्न पाठवून पुन्हा वाट बघू लागतं. नियम एकही मोडला नाही, तरी सर्व्हरला वाटेल तेव्हा बोलता आलं. अशा युक्त्यांना अ‍ॅलेक्स रसेल यांनी २००६ मध्ये कॉमेट असं नाव दिलं होतं.

तिसरा मार्ग म्हणजे दुकानदाराला एकदा फोन लावायचा आणि तो ठेवायचाच नाही. दोघांनाही कधीही बोलता येतं. हे वेबसॉकेट. त्याचा प्रमाण मसुदा डिसेंबर २०११ मध्ये ठरला. सुरुवात नेहमीच्या प्रश्नानेच होते. ब्राउझर म्हणतो, मला हीच जोडणी वेबसॉकेटमध्ये बदलून हवी आहे. सर्व्हर १०१ या क्रमांकाचं उत्तर देऊन मान्य करतो, आणि तिथून पुढे प्रश्न-उत्तराचा नियम लागू राहत नाही. छोट्या निरोपाला सर्व्हरकडून येताना अवघ्या दोन बाइटचं वेष्टन लागतं. आजची बहुतेक साधनं हाच मार्ग वापरतात.

४. तुम्ही न लिहिलेली एक ओळ

अजून एक प्रश्न राहिला. फोन लावायचा आहे पानाने. पण तुमच्या पानात तर तसं काही लिहिलेलं नाही. मग लावतं कोण?

उत्तर सोपं आहे. छोटा सर्व्हर तुमची फाइल ब्राउझरला देताना तिच्यात जावास्क्रिप्टचा एक तुकडा स्वतःच मिसळतो. डिस्कवरच्या फाइलला हात लागत नाही, वाटेत जाणाऱ्या प्रतीतच भर पडते. तो तुकडा ब्राउझरमध्ये पोचला की सर्व्हरशी जोडणी करतो आणि कान देऊन बसतो. पान उघडून त्याचा स्रोत पाहिलात तर आपण न लिहिलेल्या त्या ओळी दिसतील. जरूर पाहाव्यात.

पुष्कळांना छळणारी एक तक्रार यातूनच सुटते: "माझ्याकडे लाइव्ह सर्व्हर चालू आहे, पण पान आपोआप बदलत नाही." अशा वेळी आधी बघावं की पानाला बॉडी किंवा हेड या खुणा आहेत का. सर्व्हर आपला तुकडा त्या खुणांच्या आधाराने बसवतो. सरावासाठी नुसता एक परिच्छेद लिहून फाइल उघडली असेल, तर तुकडा बसवायला जागाच नसते आणि जोडणी होत नाही. दुसरं कारण त्याहून साधं असतं. फाइलवर दोनदा क्लिक करून पान थेट डिस्कवरून उघडलेलं असतं. सर्व्हर वाटेत आलेलाच नाही, मग मिसळणार कोण?

५. पान पुन्हा उघडलं की काय जातं?

जोडणी झाली. आता तिच्यावरून पाठवायचं काय? सगळ्यात साधा निरोप म्हणजे "स्वतःला पुन्हा उघड." रिफ्रेशचं बटण सर्व्हरने दाबल्यासारखंच. साध्या लेखाच्या पानाला हे पुरतं.

पण समजा, तुम्ही कॉलेजप्रवेशाचा पाच टप्प्यांचा अर्ज तयार करताय. चौथ्या टप्प्यावर जन्मतारीख चुकीची भरली तर येणारी सूचना तुम्हाला सुधारायची आहे. पहिले तीन टप्पे भरून तुम्ही तिथे पोचता, मुद्दाम चुकीची तारीख टाकता आणि सूचना बघता. शब्द खटकतो म्हणून एडिटरमध्ये बदलता, सेव्ह करता. पान पुन्हा उघडतं आणि तुम्ही पहिल्या टप्प्यावर येऊन पडता. नाव, पत्ता, गुण सगळं पुसलेलं. एक शब्द पाहण्यासाठी पुन्हा सगळी भरणी.

जे पुसलं गेलं त्याला स्थिती म्हणतात. पान उघडल्यापासून त्यात जे जे घडलं त्याचा हिशोब म्हणजे स्थिती: भरलेली माहिती, उघडलेली यादी, खेळातले गुण, चालू गाणं कुठवर आलं ते. कोड फाइलमध्ये असतो, स्थिती फक्त ब्राउझरच्या स्मृतीत. पान पुन्हा उघडणं म्हणजे कोड नवा आणणं आणि स्थिती टाकून देणं.

रंग, आकार, अंतर ठरवणाऱ्या स्टाइलशीटचं मात्र सोपं आहे. तिला स्थिती नसते. त्यामुळे साधनं पान पुन्हा न उघडता फक्त ती बदलतात. स्टाइलशीटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि एक नवा आकडा जोडतात. ब्राउझरला तो नवाच पत्ता वाटतो, आणि साठवलेली जुनी प्रत न वापरता तो ताजी मागवतो. अर्ज चौथ्या टप्प्यावरच राहतो, रंग बदलतो. लाइव्ह कोडिंगचा, म्हणजे चालू पानात कोड बदलत काम करण्याचा, पहिला आनंद बहुतेकांना इथेच मिळतो.

जानेवारी २०१२ मध्ये मॉन्ट्रियलमधल्या एका विद्यार्थी परिषदेत ब्रेट व्हिक्टर यांनी एक व्याख्यान दिलं. कोडमधला एकेक आकडा ते सरकवत होते आणि शेजारी काढलेलं झाड त्याच क्षणी बदलत होतं. लिहिणाऱ्याला आपण काय केलं ते लगेच दिसलं पाहिजे, नाहीतर किती तरी कल्पना सुचायच्या आधीच मरतात, हे त्यांचं सांगणं होतं. त्याच वर्षी क्रिस ग्रेंजर यांनी लाइट टेबल या एडिटरसाठी लोकांकडे पैसे मागितले आणि तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. ही ओढ नवी नव्हती. स्मॉलटॉक आणि लिस्प या भाषांचे लोक १९७० च्या दशकातच चालू प्रोग्राम न थांबवता त्यात बदल करत होते. ब्राउझरपर्यंत ती सवय पोचायला मात्र फार वेळ लागला.

६. धावत्या प्रोग्राममध्ये कोड घालणं

२०१२ मध्येच ख्रिस्तोफर वेलन्स यांनी ईमॅक्स या एडिटरसाठी स्क्युअर नावाचं साधन लिहिलं. सगळी यंत्रणा उघडी दिसेल इतकं ते आटोपशीर आहे, म्हणून मी तेच समजावायला घेतो.

स्क्युअरमध्ये वेगळा सर्व्हर लागत नाही, एडिटरच सर्व्हर होतो. वेलन्स यांनी ईमॅक्सच्याच भाषेत एक छोटा वेबसर्व्हर लिहिलेला आहे, तो ८०८० या पोर्टवर बसतो. ब्राउझरमधलं पान त्याच्याकडून जावास्क्रिप्टचा तुकडा घेतं आणि लाँग पोलिंगने, म्हणजे बाकावर बसून, वाट बघू लागतं. तुम्ही एडिटरमध्ये एखाद्या फंक्शनवर कर्सर ठेवून ठरलेल्या कळा दाबता. फाइल सेव्ह करायचीही गरज नाही. तेवढाच मजकूर उत्तर म्हणून पानाकडे जातो, पान तो चालवतं, आणि काय निष्पन्न झालं ते एडिटरला उलट पाठवतं. एडिटरच्या तळाच्या ओळीत उत्तर उमटतं. दोन अधिक दोन लिहून कळा दाबा, चार दिसतील, आणि ती बेरीज एडिटरने केलेली नसते, ब्राउझरने केलेली असते. मोबाइल, टॅब्लेट आणि संगणक असे तीन ब्राउझर जोडलेले असतील तर मजकूर तिघांकडे जातो आणि तिघेही आपापलं उत्तर पाठवतात.

यात डिस्कवरची प्रत बाजूलाच राहिली. पहिल्या प्रतीतला एक तुकडा थेट तिसऱ्या प्रतीत गेला. आणि बाकी पान जसंच्या तसं राहिलं.

हे शक्य होतं ते नावांमुळे. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीतही ठेवता येतं, म्हणून उदाहरण आपल्याच अक्षरांत घेऊ. "थेंब" नावाचं फंक्शन पडद्यावर पावसाचा एक थेंब काढतं. "पाऊस" नावाचं फंक्शन सेकंदाला साठ वेळा चालतं आणि दर वेळी "थेंब"ला बोलावतं. "पाऊस" चालू असताना तुम्ही "थेंब"ची नवी व्याख्या पाठवलीत, आता थेंब निळा नाही तर चंदेरी. पुढच्या वेळी "पाऊस" जेव्हा "थेंब" हे नाव घेतं, तेव्हा त्या नावापाशी नवी व्याख्या असते. सेकंदाच्या साठाव्या भागात पाऊस चंदेरी होतो. अर्ध्यावर आलेले थेंब अर्ध्यावरच असतात, कारण त्यांच्या जागांची यादी कोणी पुसलेली नाही. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या मुलांचे डोळे चमकतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

७. जुनं कुठे रेंगाळतं?

पण कधी कधी नवी व्याख्या पाठवूनही काहीच बदलत नाही. तेव्हा बहुतेक जण जोडणी तपासायला धावतात. दोष बहुधा दुसरीकडे असतो.

समजा, तुम्ही ब्राउझरच्या घड्याळाला सांगितलं, "दर सेकंदाला हे फंक्शन चालव" आणि त्याच्या हाती "थेंब" दिलं. घड्याळाकडे गेलं ते "थेंब" हे नाव नव्हे, त्या क्षणी त्या नावामागे असलेलं प्रत्यक्ष फंक्शन. नंतर नावामागे नवं फंक्शन ठेवलं तरी घड्याळाच्या हातात जुनंच राहतं. उपाय असा, की घड्याळाला एक छोटं मधलं फंक्शन द्यायचं आणि त्यात एवढंच लिहायचं, "थेंबला बोलाव." आता नाव दर वेळी नव्याने शोधलं जातं. ही एक ओळीची सवय लागली की लाइव्ह कोडिंगमधल्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

दुसरी अडचण उलट्या प्रकारची. एका बटणावर क्लिक झालं की गुण एकाने वाढावा, असं लिहिलेला तुकडा तुम्ही तीनदा पाठवलात. प्रत्येक वेळी बटणाला नवा श्रोता, म्हणजे क्लिक झालं की चालणारं फंक्शन, जोडला गेला. आता एका क्लिकला गुण तीनने वाढतो. पान ताजं उघडलं असतं तर श्रोता एकच असता. म्हणून पुन्हा पुन्हा पाठवायचा कोड असा लिहावा की तो कितीही वेळा चालला तरी परिणाम एकदाच चालल्यासारखा होईल. जोडण्याआधी जुना श्रोता काढावा, किंवा जागा एकच ठेवून तीत नवा बसवावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. फाइलमधून तुम्ही एक फंक्शन पुसलंत. ब्राउझरच्या स्मृतीतून ते गेलेलं नाही. दुसरं कोणी त्याला बोलावत असेल तर सगळं सुरळीत दिसत राहतं आणि संध्याकाळी पान ताजं उघडल्यावर कोसळतं. चालू पान आणि फाइल यांच्यात अशी दरी पडत जाते. त्यावर उपाय एकच आहे, आणि तो पाळावाच असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. काम दुसऱ्याच्या हाती देण्याआधी पान एकदा कोऱ्या अवस्थेतून उघडून बघायचं.

८. मॉड्यूलची अदलाबदल

मोठे प्रोग्राम एका फाइलीत मावत नाहीत. ते मॉड्यूल नावाच्या शेकडो भागांत विभागलेले असतात आणि एक भाग दुसऱ्यावर विसंबून असतो. तिथे कर्सरखालचं फंक्शन पाठवणं पुरत नाही. म्हणून वेगळी पद्धत आली, ती वेबपॅक या साधनाने रुळवली. इव्हान यू यांनी २०२० मध्ये आणलेल्या वीटने ती फार चपळ केली.

हिचा गाभा आहे स्वीकार. प्रत्येक मॉड्यूल सांगू शकतं की माझी नवी आवृत्ती आली तर मी ती पान न उघडता बसवून घेईन. तारखेच्या रकान्याचं मॉड्यूल बदललं, पण त्याने असं काही सांगितलेलं नाही. मग सर्व्हर त्याला वापरणाऱ्या मॉड्यूलकडे जातो, म्हणजे अर्जाच्या चौथ्या टप्प्याकडे. त्याने स्वीकार सांगितलेला आहे. म्हणून तेवढे दोनच भाग नव्याने येतात आणि बाकी सगळं जागच्या जागी राहतं. वर वर जाऊनही स्वीकारणारा कोणीच भेटला नाही, तर शेवटी पान पूर्ण उघडलं जातं. जाणारी आवृत्ती निघण्याआधी आपली घड्याळं थांबवू शकते, श्रोते काढू शकते, उपयोगी माहिती येणाऱ्या आवृत्तीच्या हाती देऊ शकते. मागच्या भागातल्या अडचणींची उत्तरंच इथे नियम म्हणून आली आहेत. रिअ‍ॅक्टसारख्या चौकटी वापरणाऱ्यांसाठी हा स्वीकार चौकटच लिहून देते, म्हणून त्यांना हे सगळं आपसूक घडतं असं वाटतं.

९. दार किती उघडं ठेवायचं?

पानाला कोड पाठवता येणं म्हणजे त्या पानावर पूर्ण ताबा असणं. म्हणून दोन गोष्टी बघाव्यात.

सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर फक्त तुमचाच संगणक त्याच्याशी बोलू शकतो. मोबाइलवर पान तपासायचं म्हणून कित्येक जण ०.०.०.० हा पत्ता देतात. त्याचा अर्थ, जो येईल त्याच्याशी बोल. घरच्या वायफायवर ठीक, कॉफीच्या दुकानातल्या वायफायवर नाही. काम झालं की दार लावावं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. एका स्थळाच्या पानाने दुसऱ्या स्थळाची माहिती वाचू नये, हा बंधनाचा नियम नेटस्केप ब्राउझरने १९९५ मध्ये आणला. वेबसॉकेटला तो तसाच लागू होत नाही. तुम्ही दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेलं एखादं अनोळखी पान तुमच्या संगणकावरच्या सर्व्हरला फोन लावू शकतं. हाक कुठून आली ते ब्राउझर सोबत कळवतो, पण ते तपासून नकार देणं सर्व्हरचं काम आहे. जुनी साधनं हे करत नसत. म्हणून साधन अद्ययावत ठेवावं, आणि हा जोडणीचा तुकडा लोकांसमोर जाणाऱ्या पानात कधीही राहू देऊ नये.

१०. ताल चालू असताना

आतापर्यंत स्थिती जपण्याची खटपट पाहिली. एका क्षेत्रात हा प्रश्न वेगळ्याच वाटेने सुटला आहे, ते म्हणजे संगीत. श्रोत्यांसमोर कोड लिहीत संगीत वाजवणारे कलाकार २००४ मध्ये हॅम्बुर्गला एकत्र आले आणि त्यांनी टॉपलॅप ही संघटना काढली. त्यांच्यापैकी अ‍ॅलेक्स मॅक्लिन यांनी टायडलसायकल्स ही भाषा केली. तिचंच ब्राउझरमधलं रूप म्हणजे स्ट्रूडल. इथे एडिटर आणि ब्राउझर वेगळे नाहीतच. पानातच लिहायचं, कंट्रोल आणि एंटर दाबायचं, आवाज बदलतो.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा यात आहे. टायडलमध्ये ताल लिहिण्याची जी आटोपशीर लिपी आहे, तिच्यातल्या काही खुणा बोल प्रोसेसर या प्रोग्रामवरून घेतल्या आहेत. तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नार्ड बेल यांनी जेम्स किपेन यांच्याबरोबर घडवला. किपेन लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते, आणि कायद्याचे पलटे कोणत्या नियमांनी बनतात ते त्यांना संगणकात उतरवायचं होतं. हेच बेल पुढे महाराष्ट्रात आले आणि गी पॉयटवाँ व हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहावर त्यांनी काम केलं. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा संगणकात शोधण्याजोगा झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तबल्याचे बोल लिहिण्यासाठी केलेल्या खुणा आज जगभरचे तरुण ब्राउझरमध्ये टाइप करतात. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत हा दुवा फारसा सांगितला जात नाही, तो सांगायला हवा.

आता ताल न तुटता कोड कसा बदलतो ते पाहू. स्ट्रूडलमध्ये सगळं आवर्तनात मोजलं जातं. आपण काही सांगितलं नाही तर एक आवर्तन दोन सेकंदांचं. त्यात चार आघात लिहिले तर प्रत्येकाला अर्धा सेकंद. पाचवा लिहिला तरी आवर्तन लांबत नाही, प्रत्येकाला ०.४ सेकंद मिळतो. पण मुख्य गोष्ट अशी, की लिहिलेली रचना ही वाजवत जायच्या आज्ञांची यादी नसते. ते काळाचं एक फंक्शन असतं. त्याला एवढंच विचारायचं: या वेळेपासून त्या वेळेपर्यंत कोणते आघात येतात? वाजवणारा भाग अगदी थोड्या थोड्या वेळाने पुढच्या तुकड्याबद्दल हा प्रश्न विचारत राहतो.

समजा, ४१ आवर्तनं पूर्ण होऊन बेचाळिसाव्यातला पाव भाग झालाय आणि तुम्ही चाराचे पाच आघात करून कळा दाबल्यात. जुनी रचना सोडून दिली जाते. वाजवणारा भाग नव्या रचनेला विचारतो की ४१.२५ पासून पुढे काय आहे. नव्या रचनेला मागचं काही आठवावं लागत नाही, ती फक्त वेळ बघून उत्तर देते: ४१.४ वर तिसरा, ४१.६ वर चौथा, ४१.८ वर पाचवा. जपायची स्थिती म्हणून उरला तो एक आकडा, किती आवर्तनं झाली तो, आणि त्याला कोणी हात लावलेला नाही. ४२ पूर्ण होतात तेव्हा पुढचं आवर्तन ठरल्या क्षणीच सुरू होतं.